शहर बदलण्यापूर्वी राहणीखर्चाची तुलना कशी करावी? पुणे–बंगळुरूच्या उदाहरणातून हिशेब

दुसऱ्या शहरातील नोकरीचे नियुक्तिपत्र हाती आले की पहिली नजर वेतनाच्या आकड्याकडे जाते. आकडा सध्याच्या वेतनापेक्षा तिपटी-चौपटीने नव्हे, पण चतुर्थांशाने वा तृतीयांशाने मोठा असला तरी निर्णय झाल्यातच जमा होतो. प्रत्यक्षात या वाढीचा किती भाग नव्या शहरात शिल्लक राहील, हे वेतनाच्या आकड्यावरून कळत नाही. ते घरभाडे, कामाचे ठिकाण आणि घर यांतील अंतर, मुलांची शाळा, जोडीदाराचे उत्पन्न आणि राज्य बदलल्याने लागू होणारे नियम यांवर ठरते. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली, अहमदाबाद या शहरांकडे जातात. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी कुटुंबेही पुण्या-मुंबईकडे येतात. या सर्वांना उपयोगी पडेल अशी तुलनेची रीत पुणे आणि बंगळुरू या दोन शहरांच्या उदाहरणातून येथे मांडली आहे.

निर्देशांक काय सांगतो, काय सांगत नाही

दोन शहरांची तुलना करताना अनेक जण महागाई निर्देशांकाचा आधार घेतात. केंद्रीय श्रम मंत्रालयाचा श्रम विभाग (लेबर ब्युरो) औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक देशातील ८८ केंद्रांसाठी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करतो. त्याचे सध्याचे आधारवर्ष २०१६ आहे. मात्र हा निर्देशांक एकाच शहरातील किमती काळानुसार किती बदलल्या, एवढेच सांगतो. कोणते शहर अधिक महाग, हे तो सांगत नाही.

समजा, एका शहराचा निर्देशांक १५० आणि दुसऱ्याचा १४० आहे. याचा अर्थ आधारवर्षापासून पहिल्या शहरातील किमती ५० टक्क्यांनी आणि दुसऱ्यातील ४० टक्क्यांनी वाढल्या. पहिल्या शहरात १० हजार रुपयांचे घर १५ हजारांवर गेले असेल आणि दुसऱ्यात २० हजारांचे घर २८ हजारांवर. निर्देशांक पहिल्याचा मोठा, पण भाडे दुसऱ्यात जवळजवळ दुप्पट. म्हणून निर्देशांकांचे आकडे शेजारी ठेवून शहरांची तुलना करणे चुकीचे ठरते.

सरासरीचीही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिकेत शहरी भागासाठी घर या घटकाला २१.६७ टक्के आणि अन्न व पेये या घटकाला ३६.२९ टक्के भार होता. २०२३-२४ च्या घरगुती उपभोगखर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा ३९.६८ टक्के आढळला. या सरासरीत स्वतःच्या घरात राहणारी असंख्य कुटुंबेही आहेत. नव्या शहरात जाणारे कुटुंब मात्र जवळजवळ नेहमीच भाडेकरू असते. त्याच्या खर्चात भाड्याचा वाटा सरासरीपेक्षा बराच मोठा असतो.

आंतरराष्ट्रीय क्रमवाऱ्यांचे स्वरूप आणखी वेगळे आहे. मर्सर या सल्लागार संस्थेचे राहणीखर्चाचे सर्वेक्षण न्यूयॉर्क शहराला आधार धरते आणि ते परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. तुलनेची काही संकेतस्थळे वापरकर्त्यांनी स्वेच्छेने भरलेल्या किमतींवर चालतात. प्राथमिक अंदाजासाठी ती उपयोगी आहेत. परंतु वाघोलीतील कुटुंबाने व्हाइटफील्डला जावे की नाही, हा निर्णय त्यांच्यावर सोपवता येत नाही.

सरकारी वर्गवारीतूनही शहरांमधील फरक पुरता दिसत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरे एक्स, वाय आणि झेड अशा तीन वर्गांत विभागली आहेत. ५० लाख व त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे एक्स वर्गात मोडतात. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे ही ती आठ शहरे होत. २०११ च्या जनगणनेच्या आधारे अहमदाबाद व पुणे यांना १ एप्रिल २०१५ पासून हा दर्जा मिळाला. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यानंतर एक्स, वाय व झेड वर्गांसाठी घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. म्हणजे ५० हजार रुपये मूळ वेतन असणाऱ्याला मुंबई, पुणे आणि बंगळुरू या तिन्ही शहरांत १५ हजार रुपयेच मिळतात. या तीन शहरांतील भाडी सारखी नाहीत, हे सर्वज्ञात आहे.

वस्तू सारख्या, जागा आणि श्रम वेगळे

शहरांमधील खर्चाचा फरक नेमका कोठून येतो, हे समजले की तुलना सोपी होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून बहुतेक वस्तूंवरील कर देशभर सारखा आहे. वेष्टनबंद वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्यामुळे साबण, चहा, बिस्किटे, औषधे, भ्रमणध्वनी यांच्या किमतीत पुणे आणि बंगळुरू यांमध्ये विशेष तफावत आढळत नाही. भाजीपाला, दूध, मासे, डाळी यांत स्थानिक फरक असतो. तरी तो सहसा काही शे रुपयांचा असतो.

जे एका शहरातून दुसऱ्या शहरात नेता येत नाही, त्याची किंमत मात्र शहरागणिक बदलते. जागा आणि माणसाचे श्रम या त्यांतल्या दोन प्रमुख गोष्टी. घरभाडे, शाळेचे शुल्क, घरकाम व स्वयंपाक करणाऱ्या मदतनिसांचे वेतन, पाळणाघर, दुरुस्तीची कामे, दवाखान्यातील तपासणी शुल्क हे सारे या दोहोंवर अवलंबून असते. तिसरी गोष्ट अंतर आणि चौथी राज्याचे कायदे व कर. पेट्रोल, डिझेल आणि वीज वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यांचे दर राज्यानुसार बदलतात. तुलनेचा बहुतांश वेळ या चार गोष्टींवर खर्च केल्यास किराण्याची लांबलचक यादी करण्याची गरज उरत नाही.

घरभाडे आणि अनामत

भाड्याची तुलना शहराशी शहराची करून उपयोग नाही; ती वस्तीशी वस्तीची करावी लागते. पुण्यात हिंजवडीला नोकरी असणारा वाकड किंवा बाणेरला राहतो. त्याचे बंगळुरूतील कार्यालय व्हाइटफील्डला आहे, बाह्यवळण रस्त्यावर आहे की इलेक्ट्रॉनिक सिटीत, यावर त्याची पर्यायी वस्ती ठरते. दोन्हीकडे घराचे क्षेत्रफळ, इमारतीचे वय, वाहनतळ आणि पाण्याची व्यवस्था सारखी धरूनच भाडी पाहावीत. भाड्यात देखभाल शुल्क धरलेले आहे की वेगळे द्यायचे, हेही विचारावे; मोठ्या संकुलांत हा फरक महिन्याला काही हजारांचा असतो.

अनामत रकमेच्या प्रथा वेगळ्या आहेत. पुण्यात सर्वसाधारणपणे दोन ते तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घेतली जाते. बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घेण्याची प्रथा दीर्घकाळ होती. आता अनेक ठिकाणी ती कमी झाली असली, तरी पाच-सहा महिन्यांची मागणी सर्रास होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांची आहे. तथापि हा नमुना कायदा आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही.

अनामत हा खर्च नव्हे, परंतु ती रक्कम अडकून पडते. ३६ हजार रुपये भाड्याच्या घरासाठी पाच महिन्यांची अनामत १ लाख ८० हजार रुपये होते. पुण्यातील २४ हजार भाड्याच्या घराची दोन महिन्यांची अनामत, म्हणजे ४८ हजार रुपये, परत मिळाली तरी १ लाख ३२ हजार रुपये नव्याने उभे करावे लागतात. साडेसहा टक्के दराने त्यावरील बुडालेले व्याज वर्षाला ८,५८० रुपये होते. घर सोडताना रंगकाम व साफसफाईपोटी एका महिन्याचे भाडे कापून घेण्याची पद्धतही बंगळुरूत रूढ आहे. करारात तसे कलम आहे का, ते सही करण्यापूर्वीच पाहावे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार राज्यातील भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. बंगळुरूत मुद्रांक कागदावरील अकरा महिन्यांचा करार अधिक प्रचलित आहे. करार कोणत्याही स्वरूपाचा असो, वार्षिक भाडेवाढीची टक्केवारी, सूचनेचा कालावधी आणि अनामत परत करण्याची मुदत या तीन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात.

अंतराची किंमत

रिक्षाचे अधिकृत दर पाहिले तर दोन्ही शहरांत फारसा फरक नाही. बंगळुरूत १ ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या दोन किलोमीटरना ३६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १८ रुपये असा दर लागू झाला. पुण्यात २०२२ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरसाठी २५ रुपये आणि पुढे १७ रुपये असा दर ठरला. त्यानुसार पाच किलोमीटरचे भाडे बंगळुरूत ९० रुपये, तर पुण्यात सुमारे ८५ रुपये होते.

मेट्रोचे चित्र निराळे आहे. पुणे मेट्रोचे कमाल भाडे ३५ रुपये आहे. बंगळुरू मेट्रोचे कमाल भाडे फेब्रुवारी २०२५ मधील वाढीनंतर ९० रुपये झाले. महिन्यात २२ दिवस दोन्ही वेळा कमाल अंतराचा प्रवास केल्यास पुण्यात १,५४० रुपये आणि बंगळुरूत ३,९६० रुपये लागतात. अर्थात बंगळुरूच्या मेट्रोचे जाळे बरेच मोठे आहे आणि त्याच भाड्यात तेथे कितीतरी अधिक अंतर कापले जाते. बसच्या बाबतीत उलट स्थिती दिसते. २०२५ मधील दरवाढीनंतर पुण्याच्या पीएमपीचा मासिक पास १,५०० रुपयांचा झाला, तर बंगळुरूच्या बीएमटीसीचा साध्या बसचा मासिक पास १,२०० रुपयांचा. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातील महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. मात्र त्यासाठी कर्नाटकातील रहिवास दाखवणारे ओळखपत्र लागते. नव्याने आलेल्या कुटुंबाला पत्ता बदलून घेईपर्यंत ही सवलत मिळत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दर किती, यापेक्षा अंतर किती आणि कोणत्या साधनाने कापायचे, हा प्रश्न मोठा आहे. स्वस्त भाड्याचे दूरचे घर आणि महाग भाड्याचे जवळचे घर यांची तुलना करताना इंधन, देखभाल आणि रोजचे तास हे तिन्ही मांडावेत. भाड्यात चार हजार वाचले आणि प्रवासात तीन हजार रुपये व रोजचे दोन तास गेले, तर उरलेल्या एक हजारासाठी महिन्याला ४४ तास मोजले जातात.

पाणी आणि वीज

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या जवळच्या धरणांचे पाणी मिळते. बंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उचलून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे तीव्र टंचाई निर्माण झाली आणि प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. शहरात समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी दररोज ७७.५ कोटी लिटर अतिरिक्त पाण्याची ती तरतूद आहे.

टँकरचा प्रश्न केवळ बंगळुरूचा नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. या भागांतील अनेक सोसायट्या आजही टँकरवर अवलंबून आहेत. टँकरचा खर्च देखभाल शुल्कातून वसूल होतो. म्हणून घर पाहताना एप्रिल-मे महिन्यांतील देखभाल शुल्काची पावती मागावी. हिवाळ्यातील पावती खरा खर्च दाखवत नाही.

विजेच्या बाबतीत दर आणि सवलत हे दोन्ही राज्याचे विषय आहेत. कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली २०० युनिटांच्या मर्यादेत घरगुती वीज मोफत मिळते. भाडेकरूही पात्र आहेत. परंतु प्रत्येक घराचा हक्क मागील सरासरी वापरावरून ठरतो, सरसकट २०० युनिटांचा नसतो. दिल्लीत २०० युनिटांपर्यंत पूर्ण आणि ४०० युनिटांपर्यंत अंशतः अनुदान आहे; तमिळनाडूत दर दोन महिन्यांना पहिली १०० युनिटे मोफत आहेत. अशा योजना सरकारच्या निर्णयाने बदलू शकतात. त्यामुळे त्यांना कायमची बचत धरू नये. हवामानाचाही विजेच्या देयकावर परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूत वातानुकूलन यंत्राची गरज कमी भासते. नागपूर किंवा दिल्लीला जाणाऱ्यांना मात्र उन्हाळ्याचे चार महिने वेगळे मोजावे लागतात.

शाळा, भाषा आणि प्रवेशाचे हक्क

शाळेच्या मासिक शुल्काबरोबर प्रवेश शुल्क, बसभाडे, गणवेश आणि पुस्तके यांची चौकशी एकत्र करावी. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर शाळा बदलल्यास पहिल्या शाळेचे भरलेले शुल्क बुडते आणि दुसऱ्या शाळेत नव्याने भरावे लागते. केंद्रीय विद्यालयात जाणाऱ्या मुलांना हा बदल तुलनेने सोपा जातो.

भाषेचा मुद्दा खर्चाचाही आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने शाळांमध्ये मराठी सक्तीची झाली, तर कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकणे आवश्यक झाले. पाचवी-सहावीतील मुलाला नवी लिपी व नवी भाषा शिकण्यासाठी शिकवणी लावावी लागते.

सर्वांत दूरगामी परिणाम बारावीनंतरच्या प्रवेशांवर होतो. महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षणाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबर दहावी व बारावी राज्यातून उत्तीर्ण असणे आवश्यक असते. कर्नाटकात सरकारी कोट्याच्या प्रमुख निकषांपैकी एक राज्यात सात वर्षांचे शिक्षण हा आहे. आठवी-नववीत राज्य बदलणाऱ्या मुलाचा जुन्या राज्यातील हक्क जाऊ शकतो आणि नव्या राज्यातील हक्क मिळतोच असे नाही. सरकारी आणि खासगी महाविद्यालयांच्या शुल्कातील तफावत पाहता हा एकच मुद्दा अनेक वर्षांच्या वेतनवाढीपेक्षा मोठा ठरू शकतो. त्या वर्षीची प्रवेश नियमावली वाचून आणि अपवाद तपासूनच निर्णय घ्यावा.

राज्य बदलले की

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नव्या राज्याचा रस्ता कर लागतो. वाहनाच्या वयानुसार कर कमी होतो. आधी भरलेल्या करातील उर्वरित काळाचा परतावा मूळ राज्याकडे मागता येतो. पण नवा कर आधी भरावा लागतो आणि परतावा नंतर मिळतो. कर्नाटक हे वाहन कराचे दर चढे असणाऱ्या राज्यांपैकी एक आहे. जुनी मोटार नेण्यापेक्षा विकणे परवडेल का, हे म्हणूनच तपासावे. केंद्र व राज्य सरकारी कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असणाऱ्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना २०२१ पासून बीएच मालिकेचा क्रमांक घेता येतो. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी ती सोय उपयुक्त आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक आकारता येत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही तो आकारतात. दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेशात तो नाही. शिधापत्रिका ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे देशभर चालते. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना आयुष्मान योजनेतील पाच लाख रुपयांचे आरोग्यसंरक्षण दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही मिळते. मात्र राज्य सरकारांच्या स्वतःच्या योजनांचा लाभ रहिवासाशी बांधलेला असतो.

वेतनवाढीचा प्रत्यक्ष हिशेब

पुढील हिशेब उदाहरणादाखल आहे. त्यातील खर्चाचे आकडे गृहीत धरलेले असून प्रत्येक कुटुंबाने तेथे स्वतःचे आकडे घालावेत. पुण्यात वर्षाला १५ लाख रुपये वेतन असणाऱ्या व्यक्तीला बंगळुरूत २० लाखांची नोकरी मिळते. कंपनीच्या एकूण खर्चाच्या आकड्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा, उपदान आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही मिसळलेली असते. ती वगळून उरलेले हे वेतन आहे, असे धरू.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीनुसार ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि चार टक्के उपकर धरून १५ लाखांवर ९७,५०० रुपये आणि २० लाखांवर १,९२,४०० रुपये प्राप्तिकर होतो. म्हणजे पाच लाखांच्या वाढीतील ९४,९०० रुपये करात जातात. हाती येणारी वाढ ४,०५,१०० रुपये, महिन्याला सुमारे ३३,७५० रुपये असते. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची करसवलत नसल्याने भाडे वाढले तरी कर कमी होत नाही. जुन्या प्रणालीत ती सवलत आहे. परंतु १९६१ च्या कायद्याखालील नियमांत वेतनाच्या ५० टक्क्यांची मर्यादा केवळ मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार शहरांना आणि इतरांना ४० टक्क्यांची होती.

आता वाढीव मासिक खर्च पाहू. भाडे २४ हजारांवरून ३६ हजारांवर गेल्याने १२ हजार. शाळा व शाळेची बस ५ हजार. कामावर जाण्या-येण्याचा वाढीव खर्च ३ हजार. घरकामाची मदत दीड हजार. आणि सुमारे ८४० किलोमीटर दूर असलेल्या पुण्याला कुटुंबासह वर्षातून काही वेळा येण्या-जाण्याचे मासिक ४ हजार. बेरीज २५,५०० रुपये. ३३,७५० रुपयांतून ही रक्कम वजा जाता ८,२५० रुपये उरतात. वर्षाला पाच लाखांची वाढ प्रत्यक्षात एक लाखाच्या आत येते.

त्यानंतर एकदाच होणारा खर्च. सामानाची वाहतूक ३५ हजार, दलाली ३६ हजार, वाहनाचा कर ७० हजार, शाळाप्रवेश ६० हजार आणि घर मिळेपर्यंतचा मुक्काम २५ हजार, अशी बेरीज २ लाख २६ हजार होते. कंपनी यातील काही भरून देत नसेल, तर महिन्याला उरणाऱ्या ८,२५० रुपयांतून ती भरून यायला २७ महिन्यांहून अधिक काळ लागतो.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही करता येतो. वाढीव खर्च वर्षाला ३ लाख ६ हजार आहे. करानंतर तेवढी रक्कम हाती पडण्यासाठी वेतनात ३ लाख ७५ हजारांची वाढ हवी. अर्थात या कुटुंबाला पुण्यातील आजचीच आर्थिक स्थिती टिकवण्यासाठी बंगळुरूत १८ लाख ७५ हजार रुपये वेतन लागते. २५ टक्क्यांच्या वाढीखालील कोणतेही वेतन त्याच्यासाठी घट ठरते. वेतनाच्या वाटाघाटीत हा आकडा जवळ असणे अधिक उपयोगाचे असते.

जोडीदाराचे उत्पन्न आणि मागे राहणारे घर

बहुसंख्य हिशेबांत जोडीदाराचे उत्पन्न राहून जाते. वरील उदाहरणात पत्नीची पुण्यातील नोकरी महिना ३० हजारांची असेल आणि नवी नोकरी मिळेपर्यंत सहा महिने गेले, तर १ लाख ८० हजारांची भर पडते. भरपाई व्हायची रक्कम ४ लाख ६ हजारांवर जाते आणि ती वसूल होण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. नोकरी मिळालीच नाही, तर महिन्याची ८,२५० रुपयांची शिल्लक संपून २१,७५० रुपयांची तूट सुरू होते. शिक्षक, परिचारिका किंवा राज्य शासनाच्या सेवेतील व्यक्तीसाठी स्थानिक भाषेची व राज्याची अट असल्याने हा धोका विशेष मोठा असतो.

जुन्या शहरातील मालकीचे घर भाड्याने दिल्यास उत्पन्न मिळते. त्यातून पालिकेचा मालमत्ता कर व ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन उरलेल्यावर प्राप्तिकर लागतो. सोसायटीचे शुल्क, दुरुस्ती आणि घर रिकामे राहण्याचे महिने धरावेत. आई-वडील मागे राहणार असतील, तर त्यांच्यासाठी मदतनीस, औषधोपचार आणि तातडीच्या विमानप्रवासाची तरतूद वेगळी करावी. आजवर घरच्यांनी विनामूल्य सांभाळलेल्या लहान मुलासाठी नव्या शहरात पाळणाघराचे शुल्क लागते, हेही खर्चातच मोजावे.

पाहणीची रीत

हिशेबासाठी प्रथम मागील सहा महिन्यांची बँक खात्याची विवरणपत्रे घेऊन स्वतःचा आजचा खर्च गटवार लिहावा. दुसऱ्या स्तंभात नव्या शहरातील त्याच गटांचे आकडे भरावेत. भाड्याच्या जाहिरातीतील आकडे हे मालकाची मागणी असतात. प्रत्यक्ष भाडे त्या इमारतीतील दोन-तीन भाडेकरूंकडून कळते. शक्य असल्यास निर्णयापूर्वी तीन-चार दिवस जाऊन यावे आणि कामाच्या दिवशी, कार्यालयाच्या वेळेत, निवडलेल्या वस्तीपासून कार्यालयापर्यंत प्रवास करून पाहावा. तेथील महाराष्ट्र मंडळे आणि परिचित कुटुंबे शाळा, दवाखाने व वस्त्यांविषयी विश्वासार्ह माहिती देऊ शकतात.

प्रत्येक गटाचा एक किमान आणि एक कमाल अंदाज लिहावा. किमान खर्च धरला तरच वेतन पुरते असे दिसल्यास सावध व्हावे. कमाल खर्च धरूनही शिल्लक राहत असल्यास आर्थिक बाजू भक्कम समजावी. तिसऱ्या महिन्यापर्यंतचा संपूर्ण खर्च आणि अनामत एवढी रक्कम हाती असल्याशिवाय घर हलवू नये. पहिले काही महिने एकट्याने जाऊन शैक्षणिक वर्षाअखेरीस कुटुंब हलवण्याचा पर्याय दोन घरांच्या खर्चामुळे महाग वाटतो. पण बुडणारे शाळाशुल्क आणि घाईत घेतलेले घर यांच्याशी तुलना केल्यास तो अनेकदा स्वस्त ठरतो.

मोठ्या शहरातून लहान शहराकडे जाताना हीच रीत उलट लागू होते. मुंबईहून नागपूर किंवा इंदूरला जाणाऱ्याचे भाडे आणि प्रवासाचे तास घटतात. पण दुसरी नोकरी मिळण्याच्या संधी आणि जोडीदाराच्या कामाचे पर्यायही घटू शकतात. कमी वेतन स्वीकारूनही अधिक शिल्लक राहते का, हे तेथेही वजाबाकीनेच कळते.

खर्चाची तुलना हा निर्णयाचा एक भाग आहे. अनुभव, बढतीची शक्यता, मुलांचे भवितव्य आणि घरच्यांची सोबत यांची किंमत प्रत्येक कुटुंब वेगळी ठरवते. कमी शिल्लक राहूनही जावेसे वाटू शकते आणि त्यात गैर काही नाही. त्या निवडीसाठी महिन्याला किती रुपये मोजावे लागतील, हे सामान बांधण्यापूर्वी कागदावर मांडलेले असावे.